चाकावरचं नाव

मी मूळचा धुळ्याचाच, पांझरेकाठचा, बाप ओतकाम करायचा म्हणून मीबी त्याच्यातच पडलो, काळ्या वाळूत लाकडी फर्मा दाबायचा, उचलायचा, अन् त्या खळग्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं, बस, बठ्ठी, सगळी जिंदगी त्याच्यातच गेली. काय सांगू तुम्हाला, तवा कापसाच्या जिनिंगची दातेरी चाकं बठ्ठी विलायतेहून यायची, आम्ही नुसत्या विहिरीच्या कप्प्या ओतायचो.

मंग सरकारनं बाहेरचा माल बंद केला. आमच्या कारखान्याच्या शेठनं आम्हाला भट्टीपाशी बसवून समजावलं, की बाहेरचा चांगला माल येत राहिला तर आपला माणूस कधी शिकणारच नाही, म्हणून सरकारनं दार लावलं, आता तुम्ही करून दाखवा. भलतं बरं वाटलं हो मला. दिल्लीतल्या माणसानं माझ्यासाठी दार लावलं, असंच वाटलं. पहिली चाकं तडकली, दाते खचले, पुन्हा वितळवली, पुन्हा ओतली, हात भाजले, शेवटी जमलं.

जमलं तसा शेठनं नवा फर्मा आणला, त्याच्यावर इंग्रजी अक्षरं होती. मला तर कुठलंच अक्षर वाचता येत नाही, मी विचारलं, शेठ, हाई काय लिखेल शे? शेठ म्हणे, तुनं गाव लिखेल शे, धुये. मंग काय, एकेक अक्षर नीट उठावं म्हणून मी फर्मा ब्रश मारून मारून साफ करायचो, एक चाक बायकोला दाखवायला घरी नेलं, तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं.

पुढं एरंडोलला पाहुणा म्हणून गेलो, तर तिथल्या जिनिंगमध्ये माझंच चाक. तिथला मिस्त्री त्याच्यावर हात फिरवून म्हणतो, बघा भाऊ, बंदीआधीच्या साठ्यातलं आहे, विलायती ते विलायती, आपल्या लोकांचं असतं तर महिन्यात दाते गेले असते. मी म्हटलं, अहो, ते मी ओतलंय, धुळं लिहिलंय त्याच्यावर. तो हसला. बोट ठेवून वाचून दाखवलं त्यानं, मेड इन इंग्लंड.

शेठला जाऊन विचारलं. तो म्हणे, धुळ्याचं म्हटलं तर घेईल कोण, तुनं पोट भरस ना? भरत होतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्याच हातून माझं नाव पुसून घेतलं त्यानं, ते मनातून जात नाही.

आता दुसऱ्या भट्टीवर शेगड्या ओततो. दार अजून लावलेलंच आहे म्हणतात, राहू द्या, माझ्यासारख्याची चूल पेटते त्याच्यावर. तुम्ही लिहिताय ना हे, देव तुमचं भलं करो, खाली माझं नाव लिहा. राग मानू नका, पण ते मी दुसऱ्या कोणाकडून वाचून घेईन.