म्हशींचे पैसे आणि ट्रॅक्टर

तुमी हसाल, पण बँकेची पायरी चढायची म्हटलं की मी आल्या वाटेनं माघारी फिरायचो. थोरलीच्या लग्नासाठी दोन म्हशी विकल्या, आणि लेकानं ते पैसे बळंच सणसरच्या बँकेत ठेवायला लावले. मला काही झोप येईना. शेवटी धीर करून मॅनेजरपुढं जाऊन उभा राहिलो.

“साहेब, माझं पैसं जरा दावा. न्यायचं न्हाईत, नुसतं बघून जातो.”

“आबा, पैसे इथं बसून राहत नाहीत. कुणाला तरी ट्रॅक्टरसाठी कर्ज म्हणून गेले असतील.”

“मला न इचारता?”

साहेब भला माणूस. मला खुर्चीत बसवून त्यानं सावकाश सांगितलं, की ट्रॅक्टरवाला बँकेला व्याज देतो, त्यातलंच थोडं बँक तुम्हाला देते, आणि लग्नाला लागतील तेव्हा पैसे मिळणारच. मला मोठी गंमत वाटली. म्हणजे मी घरी लोळत पडलो तरी माझे पैसे कुणाच्या तरी रानात राबतायत.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या रस्त्याला एक नवाकोरा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन सुसाट चालला होता. मी हात करून थांबवला.

“बाबा, कर्जावर घेतलायस का?”

“व्हय आबा. का वं?”

“मग जरा दमानं हाक. आमचं बी पैसं हायत त्यात.”

गडी मिशीत हसला. “मालक, मग डिझेलचं बी तुमीच बघा की.”

मी तसाच बँकेत गेलो आणि म्हटलं, “साहेब, डिझेलला कर्ज देतो का आपण?”