तुकारामची केस

हसू नका बे, तुमच्यावर अशी पाळी आली नाही म्हणून हसून राह्यले. नसबंदीचं वर्ष होतं ते. हरेक मास्तरानं एक केस, म्हंजे एक माणूस, ऑपरेशनले न्यायचा, नाही तर बदली. मी बी मास्तरच. आमच्या वरवट बकाल गावात मले पाह्यलं का माणसं वावराच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं पळत.

पाच लेकरांचा बाप तुकाराम तेवढा राह्यला होता. त्याले गाठाले गेलो, तर तो वरातीची घोडी धरून उभा. माजावर आली का ती नवरदेवाले घेऊन भलतीकडंच सुटे. म्हणून पुण्याकडचा ढोरांचा डॉक्टर तिले माज बंद करायची नवी लस टोचून राह्यला होता. घोडीनं झटका देल्ला अन् सुई घुसली तुकारामच्या दंडात!

डॉक्टर पांढराफटक. "अहो, ही माणसालाही लागू होते."

"म्हंजे काय होईन?"

"मुलं होणं थांबेल."

तुकारामनं माह्याकडं असं पाह्यलं का मले घाम फुटला. "गुरुजी, तुम्हीच आणलं न ह्याले?"

"घाबरू नका," डॉक्टर म्हणे, "काही महिन्यांनी असर उतरतो."

तुकारामच्या जिवात जीव आला, अन् माह्या तोंडून निघून गेलं, "उतरते कायले?"