तिनाचा सहा

१९३४ सालच्या कार्तिकात मुंबईची बोट उशिरा होती. रत्नागिरी बंदरावरच्या मांडवात भिकाजी मास्तर बसून कंटाळले होते. पाठीमागे दोघीजणी बोलत होत्या. त्यांतल्या मथुराचा आवाज त्यांनी ओळखला. तिच्या मुलीचं, गुणवंतीचं, नाव त्यांनी गेल्याच महिन्यात शाळेतून काढलं होतं.

"आवडाबाय, कोणाची वाट बघतेस गो?"

"भावाची. आत्माराम डॉक्टर झाला ना!"

"मग माझा गुडघा दाखवते त्याला."

"गुडघ्याचा न्हाय गो तो. वाचता येत न्हाय त्या पोरांचा डॉक्टर."

"त्यांना औषध काय देतो?"

"काय न्हाय. अक्षरं लिवायला सांगतो, आकडे सांगतो. चुकलं की वहीत उतरून घेतो."

"चुका उतरून घेतो? नि त्याचा पगार गावतो?"

"दहा वर्सं झाली. विलायतेला पण जाऊन आला."

"माझी गुणवंती तीन उलटा काढते, त्याचा सहा होतो. तोंडी पाढे मात्र धडाधड म्हणते. मास्तर म्हणतात, ढ आहे."

"आत्माराम म्हणतो, अशी पोरं ढ नसतात."

"मग कशी असतात?"

"तेच शोधतोय म्हणे."

"दहा वर्सं?"

"दहा वर्सं."

बोटीचा भोंगा झाला. दोघी उठल्या, तेव्हा मथुराला मास्तर दिसले. तिने पदर सावरला. मास्तर उठून पुढे आले.

"मथुरा, सोमवारी पोरीला शाळेत पाठव."

"नाव काढलंत ना तुम्ही?"

"पाठव गो. आणि तिची पाटी... चुकलं असलं तरी पाटी पुसून देऊ नको."