दोष गाडीत की माझ्यात

...नाही, पण मला सांगा, बाहेर कान गळून पडतील अशी थंडी, हीटर बावीसवर लावलेला, आणि गाडी माझ्या तोंडावर फ्रीजमधली हवा फेकतेय, तर माणसानं आधी संशय कोणावर घ्यावा? गाडीवर ना? तुम्ही घ्याल. मी स्वतःवर घेतला. जन्मभर विद्यापीठात कार्यकारणभाव शिकवला, तुम्हाला सांगतो, त्याचा फायदा एवढाच, की काहीही बिघडलं की पहिलं कारण मला मीच दिसतो. म्हटलं, बटण चुकीचं दाबलं असेल. चष्मा लावून दाबलं, चष्मा काढून दाबलं. पुस्तिका उघडली. इंजिनातलं पाणी कमी झालं तर हवा गार येते म्हणे... पाहिलं, पाणी काठोकाठ. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर इंजिनच तापत नाही... पाहिलं, काटा मधोमध, इंजिन तापलेलं. फ्यूज उडाला तर पंखा बंद पडतो... पंखा तर असा भणभणत होता की टोपी उडावी. मग राहिलं काय? दोष गाडीत की माझ्यात?

आणि हा प्रश्न साधा नाही हो. इथं जपानच्या उत्तर टोकाला, आसाहिकावात, आमच्या बाजूची बस बंद झाली. त्सुनेकोचे, म्हणजे आमच्या हिचे, गुडघे डोंगरातल्या गरम झऱ्यात बुडाले तरच आठवडाभर चालतात, आणि तिथवर नेणारा मी एकटा. वर साप्पोरोहून मुलीचा, मिदोरीचा, रोज फोन: "बाबा, वय झालं आता, गाडीचं लायसन्स परत करून टाका. शेजारच्या काकांनी केलं की. पोलीस ठाण्यात किती आदरानं घेतात." आदरानं घेतात म्हणे. आदरानं तर माणसाला स्मशानातही नेतात.

गाडी ओनोदेराच्या गॅरेजात नेली. तो म्हणाला, "सर, गरम हवा येतेय की. हात धरून बघा." धरला. भट्टी. त्यानं गाडी आतून-बाहेरून पुसून दिली, मी वळणाआड जाईपर्यंत कमरेत वाकून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी हिला घेऊन झऱ्याकडे निघालो, तर अर्ध्या वाटेत... हवा पुन्हा बर्फ. पुन्हा नेली. त्याच्याकडे गरम, चकचकीत पुसलेली. माझ्याकडे आली की गार. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "सर, गाडी ठणठणीत आहे," आणि पुढे काहीच बोलला नाही. हे पुढे काही न बोलणं आमच्याकडे फार लागतं, बरं का.

आता तर्क करा. तोच हीटर, तीच थंडी. ओनोदेरा बसला की गरम, मी बसलो की गार. बदललं काय? मी. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हेच शिकवायचो. दोष गाडीत की माझ्यात, उत्तर फळ्यावर लिहिल्यासारखं. ही बिचारी शेजारी कुडकुडत म्हणायची, "अहो, तुमची बोटं निळी पडली, थांबा," आणि स्टिअरिंगच्या चाकाशेजारी काहीतरी खुडबुड करायची. माझी नजर रस्त्यावर. चाकाआड पांढरं काहीतरी दिसायचं, पण देवळादेवळातून आणलेले सुखरूप प्रवासाचे ताईत हिनं गाडीभर टांगलेत, म्हटलं आणखी एक. ताईत कोण तपासून पाहतो?

शेवटी मिदोरी आली. "मी शेजारी बसते बाबा, तुम्ही चालवा. हवा गरम आली तर मी तोंड उघडणार नाही. गार आली तर सोमवारी पोलीस ठाण्यात."

कबूल केलं. ही आमच्याआधीच गाडीत जाऊन मागे बसली होती. एवढ्या लवकर का, ते मला तेव्हा सुचलं नाही. निघालो आणि... काय सांगू, इतकी गार हवा त्या गाडीनं आजवर दिली नव्हती. मिदोरीनं गाडी कडेला घ्यायला लावली, स्वतः चाकामागे बसली. "बघा, बटण असं दाबाय... अगंबाई, हे काय चटका देतंय?"

चाकाशेजारी डॅशबोर्डवर एवढीशी जाळी असते बघा, जिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. तिच्यावर, हिवाळ्यात बनियनवर चिकटवतो त्या, हवा लागली की आपोआप तापणाऱ्या उबेच्या पुड्या. एकीवर एक, थर.

मागून बारीक आवाज आला, "ह्यांच्या बोटांना ऊब मिळावी म्हणून गं. आज परीक्षा होती, म्हणून जास्त लावल्या."

त्या जाळीमागे गाडीच्या आतली हवा मोजणारा तापमापक. त्याला वाटायचं, आत भर उन्हाळा. मग बावीसवर आणायला गाडी जीव तोडून गारवा द्यायची, गारवा वाढला की ही पुडी लावायची, पुडी लावली की गारवा वाढायचा... आणि ओनोदेरा? तो पुसताना पुड्या काढून टाकायचा. पण गिऱ्हाइकाच्या गाडीत काय कचरा निघाला हे त्याच्या तोंडावर कसं सांगायचं? म्हणून गप्प.

लायसन्स वाचलं. मिदोरी म्हणाली, "बाबा, चुकलं माझं," आणि आईला बजावून गेली, गाडीला पुड्या लावायच्या नाहीत. ही शब्दाची पक्की. गाडीला लावत नाही. मला लावते. दोन पाठीला, एक पोटाला, घराबाहेर पडायच्या आत. मी घामाघूम, हीटर कमी करत करत शेवटी बंदच करतो, आणि शेजारून ही कुडकुडत, "अहो, गाडी पुन्हा गार पडली. ओनोदेराला दाखवायची का?"

काय दाखवू त्याला? आता दोष खरंच माझ्यात आहे. जाऊन शर्ट वर केला तर तो पुड्या काढून टाकेल, मला आतून-बाहेरून पुसून देईल... आणि पुढे काही बोलणार नाही.