कमरेपासून डोळ्यांपर्यंत

दिशा : आता परत बघा, आत्या. ही बाई म्हणते, रोज लागणारी वस्तू कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत ठेवायची. म्हणजे वाकायला नको आणि टाचा उंचवायला नकोत.

झुंबरबाई : कुठली हाय ती बाई?

दिशा : माहीत नाही. पहिलंवहिलं घर कसं लावावं, असे व्हिडिओ टाकते. साधं, पण देखणं.

झुंबरबाई : तिच्या घरात माणसं न्हाईत व्हय? एक बी भांडं खरकटं न्हाई.

दिशा : व्हिडिओ काढायच्या आधी आवरत असेल.

झुंबरबाई : मग ते घर न्हवं, नटलेली नवरी हाय. दुसऱ्या दिशी सकाळी बघाय पायजे तिला.

दिशा : दुसरं सांगते. वर्षभरात जी वस्तू वापरली नाही, ती घरात ठेवू नका.

झुंबरबाई : सहा म्हैने तर आमी घरच वापरीत न्हाई. टाकू का काढून?

दिशा : तुमच्यापुढं ती बाई टिकायची नाही.

झुंबरबाई : सांग, सांग. तिसरं काय म्हनती?

दिशा : डबे एकसारखे घ्या. पारदर्शक. आत काय आहे ते दिसतं आणि फळीपण शोभते.

झुंबरबाई : ते पटलं. सुनबाईच्या हातचा चहा खारट झाल्ता, तवाच घ्याय पायजे हुते.

दिशा : एकदाच झाला होता. नवीन होते मी.

झुंबरबाई : तुझ्या सासऱ्यानं मुकाट पिला. वर म्हनला, चांगला झालाय.

दिशा : मला मामांनी अजून एका शब्दानं सांगितलं नाही. तुमच्याकडूनच कळलं. बरं, फळी कुठं मारायची ते ठरवून ठेवू. मामा ड्रिल मशीन आणायला गेलेत, येतीलच.

झुंबरबाई : तुला वाटंल तिथं मार. घर तुमचंच हाय आता.

दिशा : घर सगळ्यांचं आहे. आणि मला एक कोडं सुटत नाही, म्हणून विचारते. रागावू नका.

झुंबरबाई : इचार की.

दिशा : घरकुल बांधून झालं, तुम्ही राहायला आलात. दोन खोल्या आहेत. आतली खोली तशीच रिकामी. सगळा संसार या दारापाशी, भिंतीच्या कडेनं, जमिनीवर. पेटी खाली, डबे खाली, गॅस खाली. देवसुद्धा पाटावर. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, सामान लावायचं राहिलंय. महिनाभरानं कळलं की हे लावलेलंच आहे.

झुंबरबाई : कोपीची सवय हाय बाई. ऊस तोडाय गेलं की फडाच्या कडंला उसाच्या पाचटाची कोपी, तिच्यात मावंल तेवढाच संसार. मग ट्रकात टाकायचा आन दुसऱ्या गावाला.

दिशा : मी कोपी आतून कधी पाहिली नाही. आई-बाबा तोडणीला गेले की मी इथंच, पाथर्डीच्या वसतिगृहात. मलापण घर म्हणजे खाटेखालची पेटी. सुट्टीत कधी नेवाशाला मैत्रिणीच्या घरी जायचे, तर मी काय बघत बसायचे माहितीय? कात्री.

झुंबरबाई : कात्री?

दिशा : तिच्या आईला कात्री लागली की ती उठायची, एका खणात हात घालायची आणि कात्री काढायची. शोधायची नाही. बोलता बोलता, तिकडं न बघता. मला ती फार मोठी श्रीमंती वाटायची.

झुंबरबाई : आपली कात्री गावंल तिथं गावती.

दिशा : म्हणून तर विचारतेय. कोपी कशी लावायचात तुम्ही? नीट सांगा. मी आत आले, तर काय दिसेल?

झुंबरबाई : आत आलीस तर पयलं डोकं आपटंल तुझं. वाकून यावं लागतंय. डाव्या अंगाला पान्याची घागर. वर आडवा बांबू. त्याला भाकरीची दुरडी टांगलेली. मीठ-मिरची पिशवीत, ती बी टांगलेली. तुझा नवरा, करन, ल्हान हुता तवा त्याची झोळी बी तिथंच. कपड्याचं गाठोडं वर. कंगवा, आरसा, समदं पाचटात खोचायचं.

दिशा : खाली काहीच नाही?

झुंबरबाई : खाली काय ठिवशील? उंदरं, मुंग्या, कुत्री. खालचं आपलं न्हवंच. वर टांगल्याबिगर भागत न्हाई.

दिशा : म्हणजे कोपीत सगळं वर.

झुंबरबाई : समदं वर.

दिशा : मग इथं सगळं खाली का?

झुंबरबाई : नवी भित्ताडं हाईत. खिळं कशाला ठोकायचं उगं.

दिशा : कोनाडा आयता आहे. त्याला खिळा लागत नाही. देव तिथं का नाही ठेवले?

झुंबरबाई : लई खोलात जाती तू. कालेजात हेच शिकवत्यात का?

दिशा : हेच शिकवतात. एक कारण जुळलं नाही तर दुसरं शोधायचं. जरा भिंतीला टेकून उभ्या राहा. फळीसाठी खूण करते. हात वर करा.

झुंबरबाई : हा घे.

दिशा : हा डावा. उजवा करा.

झुंबरबाई : उजवा कोयता धरायचा हाय. त्याला फळीचं काय काम?

दिशा : आत्या.

झुंबरबाई : दूध बघ जा, उतू जाईल.

दिशा : दूध आज आणलंच नाही. हात वर करा.

(झुंबरबाई उजवा हात उचलते. तो खांद्याच्या खालीच थांबतो.)

दिशा : एवढाच?

झुंबरबाई : एवढाच.

दिशा : म्हणून रोज तुमची वेणी घालायला मला बसवता? मला वाटायचं, लाडानं.

झुंबरबाई : लाड बी हाय त्यात.

दिशा : कधीपासून असं?

झुंबरबाई : माघात. डोक्यावर मोळी घिऊन ट्रकच्या शिडीवर चढत हुते. पाय सरकला. मोळी सोडली असती तर खालच्या बाईवर पडली असती. धरून ठिवली, आन खांद्यात काय तरी तुटल्यागत झालं.

दिशा : दवाखान्यात?

झुंबरबाई : तिथं कुठला दवाखाना. हळद लावली.

दिशा : मामांना माहीत आहे?

झुंबरबाई : न्हाई. आन तू सांगायचं न्हाई. शपथ हाय तुला.

दिशा : परवा टोळीचा ट्रक येणार. या हातानं तुम्ही मोळी उचलणार?

झुंबरबाई : तोडाय येतंय मला. उचलायचं तिथं गेल्यावर बघू.

दिशा : नाही बघायचं. तुम्ही जायचंच नाही.

झुंबरबाई : अगं, तुझ्या आईबापानं जलमभर तेच केलंय, तुला सांगाय पायजे का? नवरा-बायको मिळून एक कोयता. एकल्याला टोळीत कोन घेत न्हाई. मी बसले की तुझ्या सासऱ्याचा बी कोयता मोडला. मग बजरंग मुकादम काय म्हनंल? घरात लेक हाय, तरनी सून हाय, त्यांना धाडा. करन आत्ता कुठं नगरच्या कंपनीत चिकटलाय. तुझं शेवटचं वरीस. मी चौदाव्या वर्साला कोयता धरला. तुझ्या हातात येऊ देनार न्हाई.

दिशा : आणि तुमचा हात?

झुंबरबाई : हात काय, झिजायचाच.

दिशा : मी मामांना सांगणार.

झुंबरबाई : शपथ घातलीया मी.

दिशा : तुम्ही घातली. मी घेतली नाही.

(दिशाचा सासरा कानिफनाथ मशीन घेऊन आत येतो.)

कानिफनाथ : कसली शपथ चाललीय सासू-सुनंची? हे घ्या मशीन. डाळिंबवाल्या काकासाहेबाकडनं आनलंय, अंधार पडायच्या आत परत करायचंय. कुठं मारू फळी?

झुंबरबाई : तिथं, वर. डोळ्याच्या बरोबरीनं. मोबाईलमधली बाई तसंच म्हनती.

दिशा : मामा, एक सांगायचं होतं.

झुंबरबाई : दिशा.

कानिफनाथ : वर नको. ही बघ, हितं बास झाली.

झुंबरबाई : एवढी खाली? बोडक्याची फळी. शोभंल का ती?

कानिफनाथ : न्हाई शोभली तर न्हाई शोभली. तुझ्या हाताला गावली पायजे. ह्याच्या वर जातोय का तुझा हात?

झुंबरबाई : ...तुमाला कोन म्हनलं?

कानिफनाथ : कोन म्हनंल? माघापासनं तुझ्या वाटच्या मोळ्या ट्रकात कोन चढवीत हुतं?

झुंबरबाई : तुमी तर म्हनलात, तू बांधाय बस, तुझ्यागत मोळी कुनाला बांधता येत न्हाई.

कानिफनाथ : मग काय म्हनू?

झुंबरबाई : मी खरंच समजले. चार बायकांना सांगत फिरले.

कानिफनाथ : ते बी कानावर आलं माझ्या.

झुंबरबाई : तवापासनं गप बसलात.

कानिफनाथ : तू बी बसलीस. हात तुझा. तू सांगशील म्हनून वाट बघितली.

दिशा : मामा, पण परवा ट्रक येणार आहे.

कानिफनाथ : आपल्या दारात न्हाई यायचा. बजरंगला दसऱ्यालाच सांगून आलो.

झुंबरबाई : काय सांगितलं? सुनंला धाडतो म्हनून?

कानिफनाथ : आमचा कोयता बंद म्हनून. तो म्हनला, मग पोरगा-सून? म्या म्हनलं, त्यांचा कोयता कधी केलाच न्हाई, द्यायचा कुठनं?

झुंबरबाई : आन खायाचं काय?

कानिफनाथ : काकासाहेबाच्या डाळिंबात कामाला लागतोय सोमवारपासनं. तोडनीइतकं हाती न्हाई यायचं. पर रोज घरी येनं व्हईल.

झुंबरबाई : मला इचारलं न्हाई.

कानिफनाथ : इचारलं असतं तर हात वर करून दावला असतास. डावा.

दिशा : तेच केलं त्यांनी आत्ता.

कानिफनाथ : ठाव हाय मला. तीस वर्सं हाय मी हिच्यासंगं.

झुंबरबाई : दोघं एक झालात तर.

दिशा : आधी उद्या पाथर्डीला हाडाच्या डॉक्टरांना दाखवू. मी येते बरोबर. प्रॅक्टिकल दुपारी आहे, सकाळी जमेल.

कानिफनाथ : दिशा, ह्या टोकाला धर. वाकडी बसली तर तुझी सासू जलमभर बोलंल.

दिशा : धरलीय. अजून थोडी डावीकडं. हां, आता मारा. आत्या, तुम्ही खाली का बसलात? दुखतंय का?

झुंबरबाई : न्हाई.

दिशा : मग कसला विचार चाललाय?

झुंबरबाई : नांदाय आले ह्या गावात, तवा ह्यो दारातला कडूलिंब माझ्याएवढा हुता. आता घरावर आलाय. पर दिवाळीच्या पुढं एक बी वरीस मी हितं न्हवते. तू तालुक्याला हुतीस, तुला ठाव असंल.

दिशा : काय, आत्या?

झुंबरबाई : पौषात आपल्याकडं थंडी लई पडती का गं?