चढावरचा पिकअप

पूर्वी ह्यांच्यासोबत बसायचे, गॅरेजच्या त्याच बाकावर काल मी एकटीच बसले होते. शेजारी एक जोडपं होतं. नवरा मिस्त्रींना सांगत होता.

“आमच्या छोट्या गाडीचा पिकअप वाढवायचाय. मोठा एअर फिल्टर टाका. चढावर मेहुणा दर वेळी पुढे जातो आणि वर पोचून हात हलवतो.”

“आधी ब्रेक बदला, साहेब.”

“अहो, मला पळवायचीय, थांबवायची नाही!”

“मागचे ब्रेक पार झिजलेत. हँडब्रेक ओढून चालवता काय?”

“मी? वीस वर्षं चालवतोय!”

“मी ओढते,” बायको हळूच म्हणाली. “थोडासाच. हे दादाच्या मागे लागले की.”

“फिल्टर राहू द्या, मिस्त्री. आजपासून ही मागे बसेल!”

“मागे तुमच्या आई असतात. ‘ओढ गं’ म्हणून त्याच तर सांगतात.”