शालन, लोड किती?

न्हाई न्हाई भाऊ, ती वायर ओढू नका, भरत्याय अजून गाडी. बसा हितं सावलीला. नाशकाहून निघालात म्हनता, मग पाठीला जरा आराम द्या. पेट्रोलपंपावर मानूस दोन मिन्टात निघून जातो, नाव सुदिक कळत न्हाई. माझ्याकडं बसावंच लागतं — आन् बसला की मी बोलतेच. चाकणात मला रेडिओ म्हनत्यात. म्हनू द्या की.

हा चार्जर? मीच टाकला. म्हंजी डोकं आमच्या तनुजाचं — माझी लेक, वाकडला कंपनीत जाती — आन् रस्त्याकडंचा हा तुकडा माझ्या नावावरचा. आमच्या मालकांचा धंदा जनरेटर भाड्यानं द्यायचा. लग्नं, जत्रा, बिल्डिंगची कामं — लग्न होऊन आले तवापासनं घराला डिझेलचा वास. मग वीज बरी टिकाय लागली, धुराचे नियम कडक झाले, मंडपवाले म्हनाय लागले जुनं मशीन नको. आता धूर कमी व्हावा हे बराबरच हाय, मलाच खोकला व्हायचा. पन मी म्हनते, सरकारनं एकाला सांगितलं तुझं बंद, दुसऱ्याला सांगितलं तू घे सवलत — आन् ज्याचं घर त्या धुरावर चाललं त्याला कोन सांगनार, बाबा रे, उद्यापासनं तू काय कर? कुनी न्हाई. मालक आपले ह्या शेडमधी रिकामी मशीनं पुसत बसायचे. त्यातच मी चार्जरच्या कागदांवर सही केली. विचारलं व्हतं की! ते न्हाई म्हनाले, मी तरी केली.

झालं, बोलनं बंद. जेवायला बसले की म्हननार, ‘तनुजा, आईला सांग, मीठ कमी हाय.’ मी शेजारीच बसलेली! मी पन मुद्दाम मीठ कमी घालायचे — तेवढा तरी आवाज कानावर पडावा म्हनून. हसू नका भाऊ. अख्खा हिवाळा गेला असा.

मग उन्हाळ्यात एक दिवस विजेवरची मिनीबस आली, आत वऱ्हाड. आळंदीला लगीन, मुहूर्त जवळ आलेला, आन् बसची बॅटरी पार उतरलेली. ड्रायव्हरनं वायर लावली न लावली तोच वारं सुटलं आन् पलीकडचा ट्रान्सफॉर्मर धाडकन उडाला. सगळं गार. फोन केला तर म्हनत्यात, संध्याकाळ व्हईल. दुसरी गाडी बघावी तर लग्नसराई — एवढ्या मानसांना गाडी मिळती कुठं? तिकडनं नवरदेवाचे फोनवर फोन. शेवटी नवरीच उतरली, शालू सावरत थेट शेडमधी मालकांपुढं उभी — ‘काका, हा जनरेटर चालतो का हो?’

ते उठले. माझ्याकडं न बघता हाक मारली, ‘तनुजा!’ आता तनुजा कामावर गेलेली. मधी कुनीच न्हाई! घसा खाकरला, वळले, म्हनाले — ‘शालन, लोड किती घेतं गं हे?’

एवढ्या महिन्यांनी नवऱ्याचा पहिला शब्द काय, तर लोड! मी म्हनले, ‘तीस किलोवॅट.’ ‘मग मोठा लावतो,’ म्हनाले. लावला. काळा धूर निघाला ह्यो एवढा, आन् बस लागली की हो भरायला! तर मला म्हनत्यात कसे, ‘बघ, तुझी बिनधुराची गाडी माझ्या धुरावर चालली.’ सगळं वऱ्हाड हसलं, नवरी पन हसली. मी म्हनले, ‘चालली ना? झालं तर.’ मुहूर्त जरासा टळला, पन लगीन लागलं.

आन् संध्याकाळी च्या पिताना हेच म्हनाले, ‘डिझेल जाळून वीज विकली तर आपलंच घर बसंल. दुपारी ऊन रग्गड, तवा विजेचा दर खाली. संध्याकाळी समदे घरी आले की वर. मग दुपारची साठवून ठिवू की.’ सारा जन्म करंट सांभाळलेला मानूस, त्याला शिकवायचं काय? कुनीतरी विचारायला पायजे व्हतं, बस. मशीनं विकली, अडीनडीला एक ठेवलं. शेडवर सोलर, आत बॅटरी. ट्रकांची धूळ बसती म्हनून रोज स्वतः शिडी लावून वर चढत्यात, हाताखालच्या पोरांना हात लावू देत न्हाईत.

तापट हायेत, पन मानूस चांगला हो. त्या दिवशी मशीन चालू करताना बाह्या वर सारलेल्या, हाताला ऑइल, केस उडालेले — खरं सांगू? लग्नात अंतरपाट खाली आला तवा दिसले ना, तस्सेच दिसले मला. आता सुदिक मी कवा कवा मीटर बघायच्या निमित्तानं शिडीपाशी उभी ऱ्हाते आन् उगंच वर —

अगं बया! तुमी कवा उतरला खाली? ... कुठं काय, ह्या भाऊंना दर सांगत व्हते. हसायला काय झालं? ... भाऊ, बघत काय बसलात, भरली तुमची गाडी. काढा वायर. निघा.